कारण : कावळा

२९ जुलै १९८२
आज पुन्हा! टँकर आला, हंडा भरून आत ठेवला, तोच गावचा फीडर ट्रिप, सगळ्या गावाची वीज गेली. पाच वाजून बारा मिनिटं. रजिस्टरात कारण लिहिलं — कावळा. आमच्या विजेच्या उपकेंद्रात कारण सापडलं नाही की कावळाच लिहायचा. जुनी वहिवाट.
पाऊस नाही तो नाहीच.

३ ऑगस्ट
नवे इंजिनिअर आले, व्यंकटराव साहेब. जिल्हाही नवा होतोय, साहेबही नवे. रजिस्टर चाळून म्हणाले, "सोनकांबळे, पाच आठवड्यांत तीस कावळे? सगळे सव्वापाचच्या सुमारालाच मरतात? एक तरी मेलेला दाखवा!"
मी म्हणालो, "कुत्री नेतात, साहेब." जीभ हासडून घ्यावीशी वाटली.
पंधरा तारखेला नव्या जिल्ह्याचा कार्यक्रम, संध्याकाळी, मंत्री येणार. मैदानाची वीज आमच्याच फीडरवर. साहेबांनी बजावलं — तोवर कारण सापडलं नाही तर लाइनमनची लांब इस्लापूरला बदली करतो! लाइनमन लिंबाजी समोरच उभा होता. बिचाऱ्यानं मान खाली घातली.

४ ऑगस्ट
लिंबाजी भर उन्हात अकरा किलोमीटर लाइन चालून आला. "फांदी न्हाई, पतंग न्हाई, कावळा बी न्हाई. काय बघून राहिलो, मलाच कळंना." पन्नाशी उलटलेला माणूस! मला लई वाईट वाटलं.

७ ऑगस्ट
सापडलं! रजिस्टर पहिल्यापासून लावून बघितलं. शुक्रवारी एकही ट्रिप नाही. आणि टँकर शुक्रवारीच येत नाही! म्हणजे तो वाटेत कुठंतरी खांबाला ठोकतोय.
बायकोला, पंचशीलाला सांगितलं तर म्हणाली, "शोध मागून लावा, आधी पाण्याचं बघा." तिला कालच नव्या कलेक्टर कचेरीत नोकरीचा हुकूम आला. सात वर्षं वाट बघितली बाईनं! पेढे वाटले, पाणी मात्र ज्याचं त्यानं आपल्या घरी जाऊन प्यायचं.

९ ऑगस्ट
रजा टाकून टँकरवर बसलो. ड्रायव्हर ईश्वरप्पा चिडला. "खांबाला ठोकतो म्हन्ता? बारा साल झाले, कोंबडीला बी धक्का न्हाई!" खरंच, एकाही खांबाला शिवला नाही. आणि फीडर? गेलाच नाही!
माझ्या जागी महादेवप्पा ड्युटीवर होता. म्हणाला, "तुम्ही नसलात की फीडर शहाण्यावानी वागतो." सगळे हसले. मीही हसलो.

१० ऑगस्ट
ट्रिप. पाच चौदा.

१२ ऑगस्ट
आई गं! मीच!
हंडा चोरीला जातो म्हणून मी तो रिले पॅनेलच्या मागच्या कप्प्यात ठेवतो. दारावर कवटी रंगवलेली, कुणी हात लावत नाही. दार वाकलंय, लाथ घातल्याशिवाय लागत नाही. आज लाथ घातली आणि समोर लगेच खट्! पॅनेल हादरलं, रिले हलला, वीज गेली. बिघाड झाला की वीज तोडणं हे रिलेचं काम. बिघाड नसताना मी त्याला रोज लाथ घालून कामाला लावत होतो. आणि अकरा किलोमीटर लिंबाजी चालतोय!

१३ ऑगस्ट
हंडा हलवला. आता सांगू का नको? सांगितलं तर इस्लापूर मला. पंचशीलाची नोकरी इथं, मी तिकडं दुसऱ्या टोकाला! नाही सांगितलं तर लिंबाजी जातो.

१४ ऑगस्ट
ट्रिप नाही. लिंबाजी आज माझ्यासाठी चहा घेऊन आला. तसाच टेबलावर ठेवून दिला.

१५ ऑगस्ट
जिल्हा झाला! मैदानावरचा एक दिवाही मिणमिणला नाही. साहेब खूश, पण टेबलावर लिंबाजीच्या बदलीचा कागद तयार. कारण सापडलं नाही ना! मला राहवलं नाही. सगळं ओकलो.
साहेब म्हणाले, "लाथ?"
"हो साहेब."
"रोज?"
"शुक्रवार सोडून."

१७ ऑगस्ट
हुकूम आला. इस्लापूर. नाव माझं. पंचशीला रडली, मग मीही रडलो.
लिंबाजीसाठी एवढं केलं, तर तो परवापासून तोंड फिरवून! आज गाठलंच त्याला. म्हणाला, "कशाला सांगितलंत हो? इस्लापूर माझं गाव हाय. तीन साल झाले, बदलीचे अर्ज करून राहिलो. तुमची लाथ मला पहिल्याच दिशी कळली होती!"