तपासायला पाठवलेला माफीनामा

पार्से,
गुरुवार

प्रिय तनया,

तू काल पाठवलेला माफीनामा मिळाला. खाली नेहमीसारखंच लिहिलंयस, ‘मावशी, जरा तपासून दे.’ दोन वर्षांत तुझे शंभराच्या वर मजकूर मी तपासले असतील आणि एकदाही मला वेळ लागला नाही. भाजी चिरता चिरता तुझी वाक्यंही चिरली आहेत मी. या बारा ओळींपुढे मात्र सकाळपासून नुसती बसून आहे. रविवारी ग्रामसभेत तू उभी राहून हे वाचणार. एकदा वाचलंस की ती चूक गावाच्या लेखी कायमची तुझी होईल. म्हणून त्याआधी हे पत्र वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि फोनवर मी गोड बोलून विषय बदलते हे तुला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडलेलं दिसतं तरी.

आधी कामाचं बोलते, खोड जात नाही माझी. सुरुवात चांगली आहे. गणेशचं नाव पहिल्याच वाक्यात घेतलंस, ‘एक पर्यटक’ म्हणून मोकळी झाली नाहीस. तो दोडामार्गचा, ट्रक चालवतो, सुटीच्या दिवशी बायकोला घेऊन फिरायला आला होता, आपला लेख वाचून आला होता आणि खाणीच्या काठावरून खाली पडला, हे सरळ सांगितलंस. ‘खेद वाटतो’च्या जागी ‘माफी मागते’ आहे. वाक्यं आखूड आहेत. तिसऱ्या ओळीपाशी मात्र मी अडकले: ‘काठ धोक्याचा आहे हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं.’ या ओळीकडे मी येणार आहे, पण जरा लांबून यावं लागेल.

बी.कॉम. होऊन तू माझ्याकडे आठ दिवस राहायला आलीस, ते आठव. मी तेव्हा काय तोऱ्यात होते! मांद्र्याच्या गेस्टहाऊसवाल्यांना ‘खोलीतून समुद्र दिसतो’ हे पंधरा तऱ्हांनी लिहून देत देत मी हा धंदा शिकले होते, आणि आता शिकवायला घरचीच पोर मिळाली होती. तुला सांगितलं, वाचक बसमध्ये उभा आहे, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात फोन, असं समजून लिही. शीर्षकात जे कबूल केलंस ते पहिल्या दोन ओळींत देऊन टाक. तीन ओळींच्या वर परिच्छेद गेला की तोड. लोक जे शब्द टाकून शोधतात तेच वापर. ‘निसर्गरम्य जलाशय’ कुणी शोधत नाही, ‘डिचोलीजवळ फिरायला कुठे जावं’ हे शोधतात. लिहून झालं की मोठ्याने वाच, जीभ अडखळली तिथे वाचक पळाला. आणि फोन सरकवणारा अंगठा थबकेल असं एकही वाक्य ठेवू नकोस. तू सगळं वहीत उतरवून घेतलंस. तरी एक गोष्ट तू माझ्याकडून कधी शिकली नाहीस, देवाची कृपा. तू प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन यायचीस. मी बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकणारी. मयेच्या तळ्यावर मी चार लेख लिहिले, आणि ते तळं शेवटचं बघितलं ते तुझ्या बारशाला.

पुण्याच्या त्या वेबसाइटचं काम आपल्याकडे सप्टेंबरात आलं. ‘डिचोलीजवळची दहा न पाहिलेली ठिकाणं.’ आपल्यात पद्धत ठरलेली होती. काम माझ्याकडे येतं, लिहितेस तू, मग तो मजकूर माझ्याकडे येतो, मी काटछाट करून पुढे पाठवते, आणि छापताना नाव तुझं लागतं. तुझं नाव व्हावं म्हणूनच मी तसं ठरवलं होतं, ते खरं आहे. पण त्यामुळे असं झालं की शेवटचा हात माझा असायचा आणि तो बाहेर कुणाला दिसायचा नाही.

सातवं ठिकाण म्हणजे तुमच्या बाजूचा तो बंद खाणीचा खंदक, हिरवंनिळं पाणी साठलेला. तिथे जाताना तू बाबांना सोबत नेलंस. दत्ताराम भावजींनी त्याच खाणीवर नऊ वर्षं टिपर चालवला, त्यांच्याहून जास्त कोण सांगणार? परत आल्यावर तू मला फोनवर त्यांची नक्कल करून दाखवली होतीस. ‘घट्ट दिसता म्हूण फसू नाका. ही जमीन न्हय गो, आमी टिपरान हाडून ओतिल्ली माती ही. हाचेर पांय दवरचो न्हय.’ बाबा कधी नव्हे ते इतकं बोलले, याचाच तुला आनंद झाला होता. आणि तू ते लिहिलंस.

हो, लिहिलंस.

आता बुधवारचं सांगते, कालचं. मनीषाताईला, तुझ्या आईला, मी बोलले नाही, पण मी बांबोळीच्या इस्पितळात गेले होते. गणेशला अजून आयसीयूतून साध्या वॉर्डात आणलेलं नाही. पाठीच्या मणक्याला मार आहे, पाय हलतील की नाही हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. बाहेर बाकड्यावर त्याची बायको बसली होती, कोमल. तुझ्याच वयाची असेल. तिने विचारलं, तुमी कोण? आणि मी, दुसऱ्यांना पहिल्या ओळीत खरं सांगा म्हणून शिकवणारी, म्हटलं, ओळखीची. तिने बिचारीने जागा करून दिली. मग पर्समधून फोन काढला. लेख वेबसाइटवाल्यांनी मंगळवारीच काढून टाकला, पण तिच्याकडे त्याचा फोटो आहे. ‘ह्या बघा,’ म्हणाली, ‘ह्या चेडवान लिवलेला आसा. थोडा फुडे जावन उभे रवा म्हणान. तो फुडे गेलो.’ तिचं बोट तुझ्या नावावर होतं, तनया. मी ते बघितलं, आणि तिला चहा हवा का विचारून उठले. चहा आणून दिला आणि तशीच बसस्टॉपवर आले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आणि सोमवारचं तर तुलाच ठाऊक आहे. अपघाताची बातमी रविवारी संध्याकाळी आली. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी तो जुना मजकूर उघडला, आपण दोघी आपापल्या घरून एकाच वेळी ज्यात लिहू शकतो तो. जुन्या प्रती त्यात राहतात, कुणी काय काढलं, काय घातलं, नावानिशी. खाली सरकत सातव्या ठिकाणापाशी आले आणि बघते तर तुझ्या नावाचा गुलाबी ठिपका तिथेच लुकलुकत होता. त्याच ओळीवर. माझा हिरवा ठिपका तुलाही दिसलाच असणार. तू मयेत, मी पार्सेत, आणि दोघी एकाच ओळीकडे बघत. मला वाटलं आता तू काहीतरी लिहिशील. एक प्रश्नचिन्ह टाकलं असतंस तरी मी कोसळले असते. मिनिटभराने तुझा ठिपका गेला. संध्याकाळी मनीषाताईचा रडत फोन, की बाबांनी विचारलं, ‘मी सांगिल्लें न्हय तुका? बरोवंक कित्याक ना?’ आणि तू खाली मान घालून म्हणालीस, लिहायचं राहून गेलं. तेव्हापासून भावजी तुझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

म्हणून आता ती ओळ. तू लिहिलं होतंस, शब्दन् शब्द उतरवते: ‘सगळ्यात सुंदर दृश्य उजवीकडच्या लाल काठावरून दिसतं, पण तो काठ म्हणजे जमीन नव्हे, खाणीतून काढून ओतलेली माती आहे, असं इथे नऊ वर्षं टिपर चालवलेले माझे बाबा सांगतात, म्हणून हे पाणी रस्त्यावरूनच बघा.’ त्या वेबसाइटवाल्यांनी मजकूर जोखायला एक यंत्र दिलं होतं. वाक्य लांब झालं, ‘नको’, ‘नाही’ जास्त आले की तांबडा दिवा, सगळं गुळगुळीत असलं की हिरवा. नऊ ठिकाणं हिरवी झाली होती, सातवं तांबडं. पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं, साडेचार झाले होते. मी ‘पण’पासून पुढचं सगळं उडवलं. समासात शेरा मारला, ‘बाबांची गोष्ट इथे नको.’ मग वाक्य तुटकं वाटलं म्हणून माझ्या पदरचे पाच शब्द घातले: ‘थोडं पुढे जाऊन उभे राहा.’ दिवा हिरवा झाला. मला बरं वाटलं, गं. खरंच बरं वाटलं होतं.

लेख आला तेव्हा तू लगेच फोन केलास, बाबांची ओळ कुठे गेली म्हणून. मी म्हटलं, पुण्यावाल्यांनी काढली असेल, ते काढतात असं. तू विश्वास ठेवलास. एवढं होऊनही मी त्या ठिकाणाबद्दल दोनदा विचार केला नाही. मी समुद्राकाठची, भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या खडकावर शेवाळ, हे मला विचार. लाल मातीचा काठ पायाखालून सरकतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्या माणसाला ठाऊक होतं त्याचं बोलणं मी लांबलेलं वाक्य म्हणून कापलं. तुझ्या सगळ्या लेखात वाचकाला थांबवण्यासाठी लिहिलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

तुझा मला रागही आला, लपवत नाही. सोमवारी तुला सगळं समजलं आणि तरी तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिलीस. कुणी सांगितलं होतं तुला? माझ्याकडे पेडण्यातल्या अकरा मुली काम करतात, माझं नाव गेलं तर त्यांचंही काम जाईल, असा विचार केलास ना? मीही तोच विचार करत होते. चार दिवस त्या अकरा मुलींच्या आड लपले मी. आणि मग काल तू हा माफीनामा माझ्याकडेच तपासायला पाठवलास. मला वाचवायला पाठवलास, की मी तिसऱ्या ओळीचं काय करते ते बघायला? मी खूप विचार केला, मला कळत नाही. काहीही असो, तुझा हक्क आहे.

तर तपासलं. तिसरी ओळ काढली आहे. ती काढल्यावर बाकीच्या अकरा ओळींना काही अर्थ उरत नाही, म्हणून त्याही काढल्या. रविवारी तुला काही वाचायचं नाही. मी येते आहे, मी वाचणार. मघाशी त्या वेबसाइटवाल्यांना जुन्या प्रतीचं पान पाठवलं, माझ्या नावाचा हिरवा ठिपका दिसतो तसं, आणि लेखाच्या जागी तुझं मूळ वाक्य आणि माझी कबुली माझ्या नावाने घाला असं कळवलं. घालतील की नाही ते त्यांचं ते जाणोत. अकरा मुलींनाही कळवलं. दोघींनी अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवारी बांबोळीला कोमलसमोर पुन्हा जायचं आहे, आणि ते मला ग्रामसभेपेक्षा जड वाटतं आहे.

तुला वाटलं असेल, काम कुणाकडे येतं, कोण लिहितं, कोण कापतं, दिवा कसला, ठिपका कसला, या तुझ्या रोजच्या गोष्टी मावशी इतक्या फोडून का लिहिते आहे. कारण हे पत्र तुझ्या नावाने असलं तरी आधी वाचायचं आहे ते भावजींना. त्यांना हा धंदा ठाऊक नाही; आपल्या पोरीने आपला शब्द फुकट घालवला, एवढंच त्यांना कळलं आहे. तू काही सांगणार नाहीस, आणि मी तोंडी सांगायला लागले तर मध्येच रडेन आणि तेच मला समजावत बसतील. म्हणून उद्या सकाळी म्हापशाला बस बदलून मी हे स्वतः घेऊन येते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. ते त्यांच्या हातात देईन आणि त्यांचं वाचून होईपर्यंत बाहेर सोप्यावर बसेन. तुझ्या हातात येईल तेव्हा ते वाचलेलं असेल. मी बाहेरच असेन, मला आत बोलवायची घाई करू नकोस. आधी त्यांच्याशी बोल.

तुझीच,
विनोदिनी मावशी