आरतीच्या चालीवर पाणी

१७ ऑगस्ट १९९८, सोमवार

"मुद्दाम करतोय तो!" — अरुणाताई, माझी नणंद. भाऊ समोरच्या खुर्चीत बसलेला असताना! ह्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. झटका बोलण्यावर आणि उजव्या हातावर आला, कानांवर नाही. किती वेळा सांगू?

झालं असं. एप्रिलपासून ह्यांच्या तोंडून "ते... ते" याच्यापलीकडे शब्द नाही. माझं नाव नाही, पाणी नाही. आज सकाळी ताईंनी देवापुढे आरती सुरू केली आणि मागून हेही सुरू झाले! सगळी कडवी, शब्दन् शब्द, सुरात. मी कणीक भिजवत होते, तशाच हातांनी धावले. आरती संपल्यावर म्हटलं, "अहो, बोला ना काहीतरी." — "ते... ते..." मग मान खाली.

ताईंचं सुरू: "गाता येतं आणि बोलता येत नाही? हे कुठलं दुखणं? भालूला पहिल्यापासून नाटकं येतात. आणि तू इतकी बोलतेस, त्याला तोंड उघडायची गरजच काय!"

चहा दिला त्यांना. बिनसाखरेचा. विचारलं तर म्हणणार होते, विसरले.

१९ ऑगस्ट

हॉस्पिटलची निधी आली. बोलायला शिकवणारी, पंचविशीची मुलगी, मेरठची. मी सगळं सांगितलं. ती चकित झाली नाही, हसली. बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला, तिथलंच रक्त अडलं. पाठ गाणं निराळं, त्याला उजवी बाजूही हात देते. "गाना आना बोलना नहीं है, आंटी. पर रास्ता शायद वहीं से निकले."

रोजची वाक्यं त्याच चालीवर बसवायची. डाव्या हाताने ताल धरायचा. मला पाणी हवं. मला संडासला जायचंय. जाताना म्हणाली, "जल्दी मत कीजिए. उनका वाक्य आप पूरा मत कीजिए."

मला शिकवते! बावीस वर्षं मुलांना इतिहास शिकवतेय मी.

२० ऑगस्ट

ताईंनी घर डोक्यावर घेतलं. "गणपतीच्या चालीवर संडास? वृंदा, अगं काही लाज!" खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. या नव्या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे पुठ्ठा.

मी म्हटलं, देवाला चालेल, तुम्हाला चालत नाही. भांडण झालं ते झालंच. पण खरं लिहायचं तर माझीही जीभ अडखळली. म्हणून दुपारी दुसरी चाल घेतली, अंगाईची. हे नुसते बघत राहिले. पुन्हा, पुन्हा. एक अक्षर नाही. म्हणजे माझ्या सोवळ्यापायी आजचा दिवस फुकट! ताईंवर चिडायचा मला काय हक्क आहे?

२१ ऑगस्ट

आरतीचीच चाल घेतली. "मला" आलं. फक्त "मला". ताई उठून गॅलरीत गेल्या.

२५ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

घरी बसवला. आरतीला शेजारचे शर्माजीसुद्धा आले. ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. "अरे वाह, भाईसाहब तो बिल्कुल ठीक हो गए!" मी समजावून सांगू लागले. कोणी ऐकत नाही. प्रसाद खातात आणि माना हलवतात.

ताईंनी गाझियाबादभर फोन लावले — बाप्पाने वाचा दिली!

३० ऑगस्ट, रविवार

घरी येऊन साडीही न बदलता लिहायला बसलेय.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात दरवर्षी आभार हेच मानायचे. त्यासाठी लोक शेवटपर्यंत थांबायचे — मांडववाल्यापासून वीज घालवणाऱ्या खात्यापर्यंत सगळ्यांचे आभार, हसून हसून पुरेवाट. यंदा नुसतं बघायला म्हणून नेलं. आधी हणमंतरावांना, म्हणजे अध्यक्षांना, स्पष्ट सांगितलं होतं: त्यांना बोलता येत नाही. "हो हो वहिनी, अच्छा, अच्छा." आणि शेवटी माइकवरून — "बाप्पाच्या कृपेने आपले भालचंद्रराव परत बोलू लागलेत, तर आभार..."

दोन जणांनी धरून वर नेलं. मी खुर्च्यांच्या रांगेत अडकलेली. हे माइकसमोर. तोंड उघडलं, मिटलं. डावा हात खिशाशी, पँटशी, माइकच्या दांड्याशी. घाम फुटलेला मला मागच्या रांगेतूनही दिसत होता. आणि मग त्यांच्या तोंडून जे निघू शकत होतं तेच निघालं. आरती.

सगळे उठून उभे राहिले! चपला काढल्या, टाळ्यांचा ठेका धरला. कुणीतरी झांज आणली. माणूस बुडतोय आणि हे टाळ्या वाजवतायत! हे थांबू शकत नव्हते. माझ्याकडे बघत होते आणि गात होते. सगळी कडवी.

शेवटी जयघोष. हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, साक्षात्कार!" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ताईंनी तोंडावर पदर धरला. बरं झालं.

३१ ऑगस्ट

ताई आज पुण्याला परत गेल्या. भावाला नमस्कार केला, माझ्याशी बोलल्या नाहीत. नकोच.

दिवसभर विचार करतेय — मी स्टेजवर का नाही धावले? रांग खरंच इतकी अडलेली होती का? की चारचौघांत...

२ सप्टेंबर

जेवत नाहीत. आरती लावली तर कानावर डावा हात ठेवतात. केलंत ना, मंडळवाल्यांनो? एकच दार होतं, तेही लावून टाकलंत.

५ सप्टेंबर

मी ऐकणार नाही. बाकी सगळे "होईल हळूहळू" म्हणतील आणि घरी जातील. मला इथेच राहायचंय.

सकाळी ग्लास हातात धरून समोर बसले. म्हटल्याशिवाय द्यायचा नाही. चाल मी धरली, ताल मी धरला. त्यांनी मान फिरवली, मी खुर्ची फिरवली. "म्हणा! येतं तुम्हाला! म्हणा!" आवाज चढला माझा. शर्माजींनी बेल वाजवली, सब ठीक? ठीक आहे, जा.

खूप वेळाने, अगदी बारीक आवाजात, चालीवर — "मला... पाणी... हवं."

आलं! पूर्ण वाक्य! मी ग्लास दिला. पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचंच असणार.

निधीला फोन करून सांगितलं. ग्लासाचं मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

७ सप्टेंबर

"चहा हवा." "दिवा लाव." "पंखा बंद." शिकवलं की येतं, धाक लागतो थोडा. मुलांचंही तसंच असतं. निधी म्हणाली, आता ते स्वतःचं काहीतरी म्हणतील, थांबा.

९ सप्टेंबर

हणमंतरावांचा फोन आला होता, दिवाळी पहाटेला ह्यांना आणा म्हणून. त्यांना चांगलं सुनावलं आणि रिसीव्हर आपटून आत आले.

ह्यांनी डावा हात मांडीवर ठेवला होता. ताल धरला. मी काही शिकवलेलं नव्हतं. आरतीच्या चालीवर, स्पष्ट:

"वृंदा, तुझी भीती वाटते."

ध्रुवपद म्हणतात तसं, दोनदा.