तेरडा, दोन कळश्या आणि माझी दृष्टी

३ ऑगस्ट, रविवार

गुरुवारी रिटायर झालो. आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिता येईल.

पुरवणीत साध्या आनंदावर लेख आलाय. दोनच गोष्टी सांगितल्यात. अधूनमधून छोटी सहल काढा आणि बागेतली फुलं जुन्या भांड्यांत मांडा. वाचताना अंगावर काटा आला. हे सगळं मला आधीपासून सुचलेलं होतं, फक्त ऑफिसमुळे राहून गेलं.

निश्चय: महिन्याला एक सहल, रोज एक पुष्परचना. वासंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सहलीचं आधी करा. बायकोला फुलांत रस नसावा याचं आश्चर्य वाटलं.

लगेच जुन्या बाजारात गेलो. तांब्याच्या दोन कळश्या मिळाल्या. काळपट हिरव्या, एकीला झक्क पोचा. वासंतीने पहिला प्रश्न विचारला, गळतात का. व्हिंटेज वस्तूबद्दल असं विचारत नाहीत.

रात्री: गळतात.

४ ऑगस्ट

वासंती एक कळशी चिंच-मीठ लावून घासायला बसली होती. वेळेवर पोचलो म्हणून वाचली. तिला समजावलं की काळपटपणालाच तर किंमत असते. ती म्हणाली, मग आपल्या बाथरूमच्या नळांची किती येईल ते एकदा विचारून या.

६ ऑगस्ट

पहिली रचना. कळशीत जास्वंद. सकाळी अप्रतिम. संध्याकाळी सगळी फुलं मिटून गुंडाळी झालेली. जास्वंदीला शिस्त नाही. उद्यापासून तगर.

७ ऑगस्ट

तगर वासंतीने पहाटेच देवाला वाहिली. विश्रांतवाडीत एवढीशी बाग असलेलं रो-हाउस घेतलं ते कशासाठी? देवाने फुलं जरूर घ्यावीत, पण रचना उरकल्यावर. हे मी मोठ्याने बोललो. ती म्हणाली, देवाला सांगते.

१० ऑगस्ट, रविवार

पहिली सहल. भीमाशंकर. उजाडायच्या आत निघायचं ठरलं होतं. मी तयार होतो, पण गुलाबाची एक फांदी डावीकडे झुकत होती. तशी सोडून जाणं मनाला पटेना. निघालो तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. मोशीच्या पुढे ट्रक. चाकणच्या चौकात गाडी इतका वेळ उभी होती की वासंतीने दशम्या आणि चटणी तिथेच सोडली. शेजारच्या टेम्पोवाल्यालाही एक दिली. मग गाडी वळवली.

तरी सहल यशस्वी. लेखात कुठेही लिहिलेलं नाही की पोचलंच पाहिजे. येताना रस्त्याकडेला एक पितळी स्टोव्ह मिळाला, त्यात झेंडू सुंदर दिसेल. वासंती घरी येईपर्यंत डोळे मिटून बसली होती. दमली असावी.

१४ ऑगस्ट

लोणच्याची चिनी मातीची बरणी हा खरा खजिना निघाला. घरातच होती आणि आपण बाहेर हिंडतो. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात काढलं, बरणीत निशिगंध ठेवला. हिंग, मेथी आणि निशिगंध असा वास बैठकीत पसरलाय. वेगळा आहे. सवय झाली की आवडेल.

१७ ऑगस्ट

लोणच्याला बुरशी. खापर माझ्यावर. डबा ओला होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वासंती आता डाळ कुकरमध्येच ठेवून वाढते, कारण पातेल्यात ऑफिस टाइम आहे. म्हणजे ते फूल.

२३ ऑगस्ट, शनिवार

मोठी बातमी. नारायण पेठेत दादाच्या नातीचा जन्म! बाळ-बाळंतीण सुखरूप. आम्हा सगळ्या भाऊबंदांना दहा दिवस सोयर. म्हणजे यंदा दादाकडे गणपती नाही, गौरीही नाहीत.

 वासंती हळूच म्हणाली की लग्न झाल्यापासून एकही वर्ष असं गेलं नाही की गौरींच्या जेवणाला ती दादाच्या स्वयंपाकघरात उभी नव्हती. पुरण, सोळा भाज्या, पंक्ती, खरकटं. यंदा पहिल्यांदा तिला कुठलंच स्वयंपाकघर नाही. मग तिने मोबाइल काढला आणि स्वतःच दिवेआगरला खोली बुक केली. गौरी येतात त्या रविवारी निघायचं, मंगळवारी परत. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तिने एकच अट घातली. या वेळी मधे काही आणायचं नाही. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सगळीकडे ढोल, आमच्या घरी शुकशुकाट. वासंतीने दुपारीच बॅग भरली. अजून चार दिवस आहेत म्हटलं. ती म्हणाली, भरलेली बघायला छान वाटतं.

३० ऑगस्ट, शनिवार

शोध! शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तेरडा माजलाय. गुलाबी, जांभळा, पाऊसभर फुकट उभा आणि कुणाचं लक्ष नाही. दृष्टी लागते. मी मुळांसकट उपटला. मुळं दिसली की रचनेला रॉ लुक येतो. चप्पल चिखलात रुतली म्हणून अनवाणीच परत आलो.

दोन कळश्या, दोन्हींत तेरडा, दाराशी पाटावर शेजारी शेजारी. सिमेट्री. कळश्या गळतात म्हणून त्यांना वासंतीचे दोन खण गुंडाळले, एक हिरवा, एक लाल. मधोमध एक पणती, लाइटिंगसाठी. फाटकापासून दारापर्यंत माझी लाल मातीची पावलं उमटलीत, ती उद्या पुसू. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या दारी'.

आजवरची सर्वोत्तम रचना. वासंती झोपली होती. सकाळी निघताना तिला सरप्राइज.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळ

बॅगा गाडीत ठेवत होतो तोच समोरच्या तुळजाबाई आल्या. ह्या मूळच्या इथल्या गावच्या. विश्रांतवाडीला सोसायट्या आल्या त्याआधीपासून त्यांचं घर आहे. त्यांनी पावलं पाहिली, पाट पाहिला, कळश्या पाहिल्या आणि चक्क हात जोडले. म्हणाल्या, गवर लई देखनी हाय भाऊ, औंदा तुमच्याकडं आली व्हय. मी नम्रपणे म्हटलं, आली म्हणजे काय, सुचली.

त्या लगबगीने गेल्या आणि सुनेला, जावेला आणि आणखी दोघींना घेऊन आल्या. हळद-कुंकू, तांदूळ, नारळ. भाजी-भाकरीचं ताटसुद्धा. कलेची अशी कदर मी कुठल्याच प्रदर्शनात पाहिलेली नाही. मी त्यांना कळशीचा पोचा दाखवला, काळपटपणा का ठेवला तेही सांगितलं. सून मान डोलावत होती.

वासंती बाहेर आली. पाट बघून ती दारातच थांबली. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. तिने मला विचारलं, हा तेरडा कुणी आणला. मी अभिमानाने सांगितलं.

आता वस्तुस्थिती. आमच्या घराण्यात गौरी पितळी मुखवट्यांच्या. गावाकडच्या कितीतरी घरी मात्र मुळांसकट आणलेला तेरडा हीच गौर, हे वासंतीने मला गाडीशी उभं राहून ऐकवलं. दादाकडे इतकी वर्षं मी केळीची पानं आणण्याच्या खात्यात होतो. मला हे कसं माहीत असणार? आणि माहीत नसताना जे होतं तीच खरी कला.

तुळजाबाईंनी बॅगा पाहिल्या. म्हणाल्या, आता कुलूप लावून जाता येत न्हाई. गवर बसली की तीन दिस. उद्या पुरनपोळी, परवा बोळवण.

तेवढ्यात नारायण पेठेतून वहिनीचा फोन. फोटो पाहिला होता. सोयरात गौरी बसवल्यात? आणि वर 'आमच्या दारी'? दादा मागून ओरडत होता की हे त्याच्या नावावर खपवू नये. मी ठणकावून सांगितलं की ही गौर नाही, फ्लॉवर अरेंजमेंट आहे. फोन स्पीकरवर होता. तुळजाबाईंच्या जावेने तोंडावर पदर घेतला.

वासंती अगदी शांतपणे म्हणाली, ते तुळजाबाईंच्या हवाली करा आणि गाडीत बसा. येताय ना?

मी काय करायला हवं होतं? संध्याकाळी आळीतल्या आणखी बायका बघायला येणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही बघायला कुणी येत होतं. आणि वहिनीच्या ओरडण्यावरून रचना हलवली असती तर ती माघार ठरली असती. मी म्हटलं, आपण दुपारी निघू. तिने मान हलवली, गाडीत बसली आणि गेली. गिअर फार छान टाकते.

दुपार

ठीक आहे. मी मोडलो नाही. भाजी-भाकरी खाल्ली.

तुळजाबाईंची सून विचारायला आली की उद्या सोळा भाज्या मी करणार का त्यांनी पाठवायच्या. मी म्हटलं, मी करेन. मग मनात मोजल्या. बटाट्यानंतर अडकलो. सहज म्हणून सांगितलं की खरं तर आम्हाला सोयर आहे, त्यामुळे स्वयंपाकाचा प्रश्न येत नाही.

ती पळत गेली. तुळजाबाई आल्या. अगं बाई, सोयराच्या घरात गवर! आधी न्हाई का सांगायचं? चूक देवीची न्हाई, ती आपली आली, असं म्हणत त्यांनी दोन्ही कळश्या उचलल्या. पाट, खण, पणती, सगळंच. दहा मिनिटांत दारात फक्त दोन ओले गोल उरले. मी म्हणत होतो की डावीकडची कळशी थोडी तिरकी धरा, कुणी ऐकलं नाही.

म्हणजे आता मी मोकळा. वासंतीला फोन लावला. ताम्हिणी घाट, नो रेंज.

संध्याकाळ

बायका आल्या. फाटकातून रिकामं दार पाहिलं आणि समोर गेल्या. एकीने मला विचारलं, तुळजाबाईंचं घर हेच का?

रेंज आली. मी म्हटलं, एसटीने येतो. वासंती म्हणाली, नका येऊ, इथे छान चाललंय.

१ सप्टेंबर, सोमवार

समोर गेलो, केवळ रचनेची पाहणी करायला. तिथे त्यांच्या गौरींच्या शेजारी माझ्या दोघी. त्यांना झेंडूचे हार घातलेत, पोचा पूर्ण झाकला गेलाय. सोयर म्हणून उंबऱ्याबाहेरूनच मी उंचीबद्दल दोन शब्द बोललो. तुळजाबाई म्हणाल्या, बसा भाऊ, जेवा आधी. पुरणपोळी उत्तम होती.

घरी आलो. बरणी, स्टोव्ह, पातेली, सगळीकडे फुलं, आणि सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या. पाणी बदलायचं राहिलं. ते बहुतेक रोज वासंती बदलत असावी. तिची फार आठवण येते. दिवेआगरला पाऊस आहे का हे मी सारखं मोबाइलवर पाहतोय. तिथे ऊन आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

बोळवण झाली. तुळजाबाईंच्या सुनेने कळश्या परत आणून दिल्या. आतून-बाहेरून लखलखीत. तांबट आळीत नेऊन गळतीला डागही दिला म्हणे. पोचा ठोकून काढलाय. मी आभार मानले. मन मोडायचं नसतं. आता ह्या कळश्यांत पाणी भरून ठेवण्याशिवाय दुसरं काही करता येणार नाही.

वासंती आज येणार होती. मेसेज आला, खोली दोन दिवस वाढवलीय. मालकीणबाईंशी ओळख झालीय, त्यांच्यासोबत सुपारीच्या बागेत फिरते. मी उत्तर दिलं, खुशाल. मग ते पुसून 'लवकर ये' लिहिलं. मग तेही पुसलं. शेवटी अंगठा पाठवला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आली. नाक उन्हाने सोललंय, केसांत वाळू. भांडायच्या तयारीने मी मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडलीच नाही. चहा टाकला आणि समुद्राबद्दल बोलत बसली. कुणीही न बोलावता पायापर्यंत येतो म्हणाली. मी ऐकत होतो. एकदाही फुलांचं बोललो नाही, हे नमूद करतो.

मग म्हणाली, कोजागिरीला पुन्हा बुकिंग केलंय. दोघांचं.

मी खरंच उठून उभा राहिलो. सांगितलं की या वेळी मी आदल्या रात्रीच गाडीत झोपेन, बागेकडे बघणारसुद्धा नाही. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, अहो, दोघींचं. ती आणि वहिनी. वहिनींना फोनवर समुद्राचं सांगितलं, तर त्या रडायलाच लागल्या. त्याही इतकी वर्षं त्याच स्वयंपाकघरात होत्या.

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच काही होतं. गाडी माझ्या नावावर आहे. सहलीची मूळ कल्पना माझी. वहिनीला गाडी लागते. यातलं एकही बोललो नाही. म्हटलं, मागच्या सीटवर बसेन. खिडकी मागणार नाही.

वासंतीने कप पुन्हा उचलला. म्हणाली, वहिनींना विचारून सांगते.