माझं दार, माझा कायदा

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. डोक्यात विचार फार येतात, आणि ते ऐकून घ्यायची पात्रता अख्ख्या कवठे येमाईत कुणाची नाही.

सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चर्चा. अमेरिकेत कामाला निघालेलं कुणीतरी चुकून भलत्याच घराच्या दाराशी गेलं. घरमालकाने दार न उघडता आतूनच गोळी घातली. माणूस गेला. तिकडे म्हणे दोन तट पडलेत. आपलं गाव मागे राहू नये म्हणून एका तटाचं नेतृत्व मी घेतलं. ठणकावून सांगितलं, माझं दार, माझा कायदा. चुकून आलेला माणूस चुकूनच आला कशावरून? सगळे गप्प. नवनाथच्या तोंडात मिसळ होती म्हणून तो गप्प होता, असं पप्पूचं म्हणणं.

पप्पू माझा मुलगा. बीएस्सी ॲग्री. डाळिंब आहे, गाई आहेत, स्वभाव आईवर गेलाय. फक्त लग्न होत नाही. हल्ली शेतकरी म्हटलं की मुलीवाले फोनच उचलत नाहीत.

१३ जानेवारी

विषय घरी काढला. सौ. भाकरी थापत म्हणाली, "त्याच्या घरी कुनीतरी वाट बघत असंल की वो." म्हटलं, मुद्दा कायद्याचा आहे, भावनेचा नाही. दुसरी भाकरी मिळाली नाही.

१५ जानेवारी

ज्ञानदेव गुरुजींकडे तिळगुळाला. माझे वर्गमित्र, रिटायर्ड शिक्षक, वाचन दांडगं. माझी भूमिका त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. म्हणाले, "हौसराव, तुम्ही दार चुकलेल्याचं बोलताय. माझा बाप बरोबर दाराशी यायचा, तुमच्याच. तरी आयुष्यभर पायरीखालीच उभा राहिला."

विषय भरकटवायची गुरुजींना सवय आहे. मी थंडी फार पडलीय असं म्हणून उठलो. 

१८ जानेवारी, रविवार

आनंद. गोकुळ मध्यस्थ स्थळ घेऊन आला. वडगाव रासाईची मुलगी, अनुपमा. रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. तिला पप्पू पसंत आहे, दोघं फोनवर बोलतातही. तरीच परवापासून हा धार काढताना गाणी म्हणतोय. आता फक्त चौकशी बाकी. मुलीचे मामा येऊन जातील, कधी ते सांगणार नाहीत.

चौकशी मला कुणी शिकवू नये. पुतणी अपेक्षाच्या वेळी दौंडला मीच गेलो होतो. पद्धत ठरलेली. अनोळखी म्हणून जायचं, भलत्याच माणसाचं घर विचारायचं आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी येईपर्यंत गोठा, संडास, सासूचा आवाज, सगळं बघून घ्यायचं. मी "बोअरवेलवाले हिंगे इथंच राहतात का" म्हणून घुसलो. त्या भल्या लोकांनी चहा पाजला, वर हिंग्यांचं घर दाखवायला माणूस दिला. दौंडात खरोखर एक हिंगे निघाले. त्यांच्याकडेही चहा घ्यावा लागला.

२० जानेवारी

बोलतो तसं वागलं पाहिजे. त्यातून वस्तीवर चोरांच्या वावड्या आहेत. गेटवर पाटी लावली: 'विनापरवाना आत आल्यास होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार.' डाळिंबातून शस्त्र आणून दारामागे ठेवलं. सौ. त्याला पाइप म्हणते. माकडं हाकलायला पप्पूने केलेली प्लास्टिकच्या नळीची कार्बाइड तोफ आहे. लायटर दाबला की धडाम होतं, बाहेर आवाजाखेरीज काही पडत नाही. शत्रूला हे ठाऊक नसतं. माकडांना ठाऊक झालंय, ती आता बसून बघतात.

पप्पूने दोनदा विनवलं, "आबा, पाव्हणं कवाबी येतील. ती पाटी तेवढी काढा." म्हटलं, पाहुणा कोण आणि चोर कोण हे मला एका नजरेत कळतं.

२३ जानेवारी, दुपार

घटना घडली. जशी घडली तशी नोंदवतो.

घरची मंडळी डाळिंबात. मी ओसरीवर डोळे मिटून चिंतन करत होतो. कुत्रं भुंकलं म्हणून आत जाऊन खिडकीतून पाहिलं. पांढरी टोपी, हातात पिशवी. गोठ्यात वाकून गाई बघतोय. मग संडासाचं दार उघडून आत डोकावला, नळ सोडून पाहिला. असला चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग दाराशी येऊन विचारतो, "बोअरवेलवाले ढमाले हितंच ऱ्हात्यात का?"

वस्तीवर सगळी घरं आमच्याच आडनावाची. ढमाले येणार कुठून? म्हणजे हा चुकून आलेला नाहीच. मी फटीतून पाइप बाहेर काढला आणि लायटर दाबला. पेटला नाही. तो म्हणाला, वाईच पाणी मिळंल का. दुसऱ्यांदा पेटला.

गृहस्थ मागच्या मागे शेणाच्या ढिगात. टोपी गाईच्या पुढ्यात. हात छातीशी. तेवढ्यात पप्पू पळत आला. त्याने त्यांना शेणासकट उचलून पोटाशी धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबा, हे तात्याबा मामा. अनुपमाचं मामा."

त्याच दिवशी, संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय, कानात दडे बसलेत, बाकी ठीक.

माझ्या बाजूने एवढंच. पाटी स्पष्ट होती. त्यांनी वाचायला हवी होती. आणि ढमाले हे नाव फारच संशयास्पद आहे. पप्पू बोलत नाही. सौ.ने पाइपचे चुलीजोगे तुकडे करायला घेतले होते, पण प्लास्टिक जळालं की वास येतो म्हणून राहिलं.

२४ जानेवारी

हॉटेलात गेलो. नवनाथने विचारलं, "काय आबा, बोअरवेलवाले घरी हायेत का?" चहा अर्धा टाकून आलो. गावात आता दोन तट नाहीत, एकच आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

एकटाच वडगावला गेलो. माफी मागायला नव्हे, गैरसमज दूर करायला. नदीकडेच्या आळीत सगळी घरं सारखी, भलत्याच दारात शिरलो. तिथल्या म्हातारीने नाव गाव काही विचारलं नाही, आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, दार चुकला जनू, पलीकडचं. तांब्या तसाच तिच्या हातात परत दिला.

पलीकडे, मुलीच्या घरी, तात्याबा कानात कापूस घालून बसलेले. मी कायद्याची बाजू जुळवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "चुकलं माझं." त्यांना ऐकू गेलं नाही. परत म्हणावं लागलं, मोठ्याने. आळी गोळा झाली.

अनुपमा स्वतः बाहेर आली. म्हणाली, "आबा, लग्न मी करणार. पप्पूंनी कसं उचललं, ते मामाच सांगत होतं. पण तुमच्या घरात मी राहणार नाही. उद्या माझं माणूस दाराशी आलं, तर त्यानं काय नाव सांगायचं?"

 येताना गाडी चालवत हिंगे, ढमाले, सगळी नावं लावून पाहिली.

१५ मार्च, रविवार

लग्न झालं. जेवणावळ उत्तम. अक्षता टाकताना तात्याबा माझ्यापासून चार माणसं सोडून उभे होते.

पप्पूने रांजणगावला खोली घेतली. शेत सोडलेलं नाही. रोज बाइकवर येतो, मागच्या वाटेने थेट डाळिंबात, आणि तिकडूनच जातो. सौ. भाकरी घेऊन बांधावर जाते. मायलेकरांचं हसणं इथपर्यंत ऐकू येतं. मला कुणी बोलावत नाही असं नाही. मलाच पाटी काढायची होती, गेट रंगवायचं होतं.

ती कामं झाली. पाइप डाळिंबात नेऊन टाकला. आता रोज सकाळी ओसरीवर तांब्या भरून ठेवतो.

आज एक बाइक थांबली. कुणाचं तरी घर विचारत होता. मी उठून म्हटलं, या, बसा, पाणी घ्या, चहा टाकतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "नको आबा, दार चुकलं," म्हणाला आणि गाडी वळवली.

सुरक्षेच्या दृष्टीने घर आता परिपूर्ण आहे. दाराशी कुणीही येत नाही. संध्याकाळी तांब्यातलं पाणी मीच प्यायलो.