दीक्षाचं घर आणि पोखरलेली पट्टी

मी, शिवराम भागुराम गमरे, वय ७२, राहणार बोनकोडे, कोपरखैरणे, हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. सांगणारे पुष्कळ झाले, म्हणून लिहितो.

१. माझ्या स्वकष्टाचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या पश्चात सून दीक्षा हिचं. धाकटा भाऊ अभय म्हणतो, तिनं दुसरं लग्न केलं तर घर परक्याचं होईल. झालं तर होऊ दे. माझी पत्नी मुक्ताबाई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटपर्यंत तिचं सगळं दीक्षानं केलं. अभय एकदा येऊन चहा पिऊन गेला.

२. कपाटातली पोलादाची पट्टी गोटीराम सकपाळ याला द्यावी. तुर्भ्याच्या कारखान्यात गरम पाण्याच्या पाइपांना गंज चढू नये म्हणून पाण्यात रसायन सोडायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही त्याला औषधच म्हणायचो. ते लागू पडतंय का, हे कळायला पाण्यात अशी पट्टी टांगलेली असे. मी निवृत्त झालो आणि काम गोटीरामकडे गेलं. पट्टी दर वेळी स्वच्छ निघायची. गंज नाहीच तर एवढं औषध कशाला, असं वाटून त्यानं ते अर्धं केलं. औषध कमी पडलं की गंज लोखंडाला एकाच जागी खोल पोखरत जातो; ही शेवटची पट्टी तशीच पोखरलेली निघाली. पाइप फुटला तेव्हा समोर कामावर माझा मुलगा सौरभ होता, दीक्षाचा नवरा. पुढचं लिहवत नाही.

गोटीरामला मी माफ केलेलं नाही. मयताला येऊ द्यावं, खांदा देऊ देऊ नये. पट्टी त्यानं नव्या कामगारांना दाखवावी, एवढं त्याच्याकडून हवं आहे.

३. गेल्या वर्षी दीक्षाला चांगलं स्थळ आलं होतं. तिनं परस्पर नकार कळवला. विचारलं तर म्हणाली, "मी गेले तर तुमचं कोन करनार, बाबा?" त्या दिवसापासून मला माझ्या जगण्याची लाज वाटते. पोरी, तू हे वाचशील तेव्हा ते कारण उरलेलं नसेल.

४. तिला वडील नाहीत. लग्न ठरलं तर तिची पाठवणी याच घरातून व्हावी आणि पत्रिकेत वडिलांच्या जागी माझं नाव छापावं. मी गेलेलो असेन, म्हणून नावाआधी 'कालकथित' लावावं लागेल. लावा, पण नाव असू द्या.

सही: शिवराम भागुराम गमरे

शिवरामकाकांनी हे आमच्यासमोर स्वतः वाचून सही केली:
१. अरुणा पाटील, शेजारी
२. नंदकिशोर साठ्ये, निवृत्त शिक्षक

कोपरखैरणे, नवी मुंबई
९ नोव्हेंबर २०२४