एका पोत्याचे तीन वाटे

माय, हल्ली दुपारी जरा डोळा लागला की तू वाढताना दिसतेस. चेहरा धूसर, हात तेवढा स्पष्ट. चुलीच्या धुरात उन्हाची तिरीप तरंगते आहे, आम्ही तिघं भावंडं ताटावर बसलो आहोत, आणि तू धाकटीच्या ताटात मूठभर भात जास्त टाकतेस. ती नुकतीच तापातून उठलेली. मी फणकारते, "काहून वं माय, तिले जास्त?" तू कोपऱ्यातल्या पायलीकडे बोट दाखवतेस. "बराबर मापाले ते हाये. पन पायलीले डोये नसतेत, बाई. आपल्याले हायेत." मला तो निव्वळ पक्षपात वाटला होता. मी ताट सरकवून उठले. तू समजूत काढायला आली नाहीस.

तू गेल्यापासून तुझा धानाच्या शेताचा तुकडा आम्ही अधियाने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, कसायला देतो. यंदा ऐन कापणीत पाऊस आला, चिन्नोर तांदळाचं एकच पोतं हाती लागलं. वाटणी माझ्याकडे आली. दादाची मलाजखंडला पक्की नोकरी, माझी इथे बालाघाटला शाळेत. धाकटीचा नवरा झाडावरून पडल्यापासून तिकडे बिरशा गावी खाटेला खिळलेला. तुला क्षणभरही विचार करावा लागला नसता. मी मात्र दुकानातून काटा मागून आणला आणि तीन वाटे केले, दाणाभर इकडेतिकडे नाही. दादा फोनवर म्हणाला, "हौ, चांगलं केलं तू. आता कोनी बोलू शकत नाही." ते ऐकून मला फार बरं वाटलं, माय.

धाकटी बसने आली ती दोन थैल्या घेऊन. एक भरली. दुसरीची तिने मांडीवर ठेवून सावकाश घडी केली आणि काखेत धरली. "बराबर हाये, ताई," म्हणाली. चहा घेतला. पोरांचं विचारलं तर, "शिकून राह्यले," एवढंच. तिला बसवर सोडून परतताना वाटेतच मला माझी लाज वाटली. तो न्याय नव्हताच. कुणी बोट दाखवू नये म्हणून मी काट्याच्या आड लपले होते.

माझा वाटा तिच्याकडे पोचवावा, असं रोज मनात येतं. बिरशाची बस घरावरूनच जाते. तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. टाकलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं, की त्या तांदळाचा भात मी कालच केला, आणि दोनदा वाढून घेतला.