शेगडी मी अंगणात ठेवली आहे

शकू,

१९६४ सालच्या पौषात पिंपरीच्या चाळीत आमच्या शेजारी चिमा राहायची. लुगड्यावर नवऱ्याचा कंपनीतला स्वेटर चढवून बाजरीच्या भाकऱ्या थापायची. "मावशी, बाळ गारठतंय. शेगडी आत घेऊ का?" तिनं विचारलं.

"घे की, त्यात विचारायचं काय!" मी म्हणाले.

तिनं दार-खिडकी लावून घेतली. सकाळी रात्रपाळीवरून आलेल्या तिच्या नवऱ्यानं, किसननं, दार फोडलं, तेव्हा खोली कोळशाच्या विषारी धुरानं कोंडली होती. चिमा वाचली, बाळ गेलं.

म्हणून तुझी शेगडी आत घेऊ नकोस, तुझ्या बाळाला माझी गोधडी घाल. मी संध्याकाळी येते.

किसन नोकरी सोडून गावी गेला. चिमानं पुन्हा शेगडी पेटवली नाही. मला मात्र थंडी पडली की ऐकू येतं, "मावशी, आत घेऊ का?" दरवेळी मी नको म्हणते.

आत्याबाई